काटा ब्याण्णववर

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानेच जुळवता, म्हणून हे पत्र. सव्वीस वर्षं लाँचच्या इंजिनाशेजारी बसून कान घालवलेत, आता डोळे तरी वापरा.

तुमच्या लाँचच्या इंजिनाने मला कोड्यात टाकलंय. जानेवारीत मी इंजिनखोलीत आले तेव्हा तापमानाचा काटा ऐंशीवर असायचा. फेब्रुवारीत पंच्याऐंशी झाला आणि परवा पूर्ण वेगात थेट ब्याण्णव. वेग कमी केला की निमूटपणे खाली येतो. पंचाण्णवला भोंगा वाजतो हे तुम्ही जाणताच. सारंगकाका वरून सुकाणू धरूनच विचारतात की खाली तू चालवतेस काय, इंजिन की भट्टी.

माझी तीन महिन्यांची तात्पुरती नेमणूक ३१ मार्चला संपते. तोवर काटा ऐंशीच्या आसपास आला नाही, तर मालकीणबाई बाहेरून माणूस आणणार आणि मी परत तिकीटखिडकीत. चार वर्षं तिकिटं फाडली, मामा. मला तिथे परत जायचं नाही.

एक गंमत मात्र सुटत नाही. एवढं तापणारं हे इंजिन सकाळी गरम व्हायला अर्धा तास घेतं. तुमच्या वेळीही असंच होतं का?

आईने नमस्कार सांगितलाय. तुमचा लोभ वाढला तरी चालेल, तापमान तेवढं नको.

तुमची,
ठकू


९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर पाहून वाटलं की चालत्या इंजिनावर कागद ठेवून लिहिलंस.

घाबरू नकोस, पायरीपायरीने चल. आधी खाऱ्या पाण्याची वाट बघ. गाळणी साफ कर, मग पंप उघडून त्यातल्या रबरी चाकाची पाती मोज, एखादं तुटलं असेल तर तुकडा कुठे अडकलाय ते शोध. मग कूलरच्या नळ्या ब्रशने घास. तळाशी शिंपल्यांचा थर चढला असेल तर इंजिनावर नाहक ताण येतो, तेव्हा पाणबुड्याला खाली पाठव. आणि काट्यापेक्षा तळहातावर जास्त विश्वास ठेव. कुठली नळी गरम, कुठली गार, हे हाताला आधी कळतं.

थर्मोस्टॅटच्या टोपणाला मात्र हात लावू नकोस. त्याचे बोल्ट गंजलेले आहेत. एक तुटला तर लाँच दोन दिवस उभी राहील आणि मालकीणबाई आपल्या दोघांचा उद्धार करतील.

इथे सगळे बरे आहेत. सूनबाई माझ्याशी मोठ्याने बोलतात आणि मी मोठ्याने हो म्हणतो, असं छान चाललंय. काय सापडतंय ते कळव. मी वाट बघतोय, आणि तुझ्यावरची माया कुठे कमी होत नाही.

तुझा,
मामा


१७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सांगितलंत ते सगळं केलं. गाळणीत एक प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणाचा तरी एक मोजा निघाला. रबरी चाकाची पाती मोजली, सगळी जागेवर आहेत. कूलरच्या नळ्या अशा घासल्या की आईने पाहिलं असतं तर घरची भांडीही माझ्याच गळ्यात पडली असती. पाणबुड्याने तळ खरवडला. एवढ्या सगळ्यातून काटा उतरला फक्त एका अंशाने.

मग तुमचा तळहात आठवला. इंजिनातून निघणाऱ्या गोड्या पाण्याला दोन वाटा आहेत. एक लांबची, कूलरमधून गार होऊन येणारी. दुसरी आखूड, तशीच पंपाकडे परतणारी. इंजिन गार असताना थर्मोस्टॅटची झडप पाणी आखूड वाटेने फिरवते आणि इंजिन तापलं की ती वाट बंद करते ना? मग पूर्ण वेगात ती आखूड नळी हात भाजेल इतकी गरम का? पाणी गार न होताच परत येतंय, मामा. काल तीन फेऱ्यांत तीनदा हात लावून पाहिला, आता बोटावर फोड आलाय.

तुम्ही नको म्हणालात, तरी उद्या ते टोपण उघडणार. माझ्याकडे दोनच आठवडे उरलेत. चिडलात तर चिडा, पण पत्र पाठवणं थांबवू नका.

तुमची,
ठकू


१९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

टोपण उघडलं. बोल्ट गंजलेले नव्हते. छान ग्रीस लावलेले होते, दोन बोटांनी फिरले.

आत थर्मोस्टॅट नाही. आखूड वाटेच्या तोंडात एक लाकडी बूच ठोकलेलं होतं. आता ते उकडलेल्या बटाट्यासारखं मऊ झालंय आणि एका बाजूने झिजून पाणी सोडतंय. उरलेल्या भागावर चाकूने काढलेले आठ पैलू आहेत. तुम्ही मला शाळेत पेन्सिली तासून द्यायचात ना, तसे. मी बराच वेळ ते हातात घेऊन बसले होते.

हे कुणी केलं ते मी विचारत नाही. मालकीणबाईंना सांगितलं की थर्मोस्टॅट माझ्याच हयगयीने बिघडला, नवा मागवलाय. त्यांनी तिकीटखिडकीकडे बघितलं.

तब्येतीला जपा.

ठकू


२३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बूच माझं आहे.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. लाँचमध्ये पलीकडच्या शाळेत परीक्षेला निघालेली मुलं होती आणि मधल्या पाण्यात थर्मोस्टॅट अडकला. भोंगा सुरू झाला. सुटा भाग जवळ नव्हता. मी तो काढून टाकला, पण मग सगळं पाणी आखूड वाटेने पळालं असतं. म्हणून वल्ह्याच्या तुटक्या दांड्याचं बूच तासून ठोकलं. मुलांचा पेपर चुकला नाही. त्या दिवशी माझी मान चांगलीच ताठ होती.

आठवड्याने नवा थर्मोस्टॅट आला. इंजिन सुरेख चाललं होतं, मी म्हटलं रविवारी बसवू. तो रविवार काही आला नाही. गार इंजिनाचंही सगळं पाणी कूलरमधून जायचं, म्हणून सकाळी गरम व्हायला वेळ लागायचा, एवढंच. इंजिनाच्या वहीत मी नोंदही केली नव्हती, त्यामुळे पुढे सांगायचं तर आधी ते कबूल करावं लागणार होतं. निरोपसमारंभात मालकीणबाई म्हणाल्या की या माणसाने कधी ठिगळ लावलं नाही. मी हार घालून घेतला आणि गप्प बसलो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच, त्या अर्ध्या तासाच्या ओळीपाशी, मला शंका आली होती. तरी बोल्ट गंजलेत असं खोटं लिहून तुला गाळणी आणि कूलर साफ करायला पाठवलं. कारण दुसरंच काही निघावं असं वाटत होतं. तुझ्या नोकरीपेक्षा मला माझं नाव मोठं वाटलं, ठकू. याची मला फार लाज वाटते.

मालकीणबाईंनाही आजच सगळं लिहून कळवलंय. तू मात्र माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतंस.

तुझा,
मामा


२९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नवा थर्मोस्टॅट बसवला. पूर्ण वेगात, भरल्या लाँचला एक्क्याऐंशी. सकाळी दहा मिनिटांत इंजिन गरम होतं. आखूड नळी गार पडली तेव्हा मी तिच्यावर हात ठेवून एकटीच हसत होते. सारंगकाकांना वाटलं वाफ डोक्यात गेली.

मालकीणबाईंनी मला बोलावून तुमचं पत्र समोर ठेवलं. म्हणाल्या की मामा अकरा वर्षं गप्प राहिला आणि भाची एका दिवसात खोटं बोलली, दोघांत कोण जास्त हुशार ते कळत नाही. काटा खाली आणला म्हणून इंजिनखोली माझ्याकडे राहील, पण खोटं बोलले म्हणून आणखी तीन महिने तात्पुरतीच.

मला तुमचा राग आलाय. खरंच आलाय. बूच ठोकलंत त्याचा नाही, मीही तेच केलं असतं. पण मी बोटं भाजून घेत होते आणि तुम्हाला माहीत होतं. राग जाईल, पण त्याच्या वेळेने जाईल.

तोवर एक काम करा. आणखी काय काय तात्पुरतं करून ठेवलंय त्याची यादी पाठवा. एकही गोष्ट वगळू नका.

तुमचीच,
ठकू


३ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस आठवून यादी केली. दोनच गोष्टी निघाल्या.

एक, डिझेलच्या टाकीखालचा डावा पाया. त्याखाली पत्र्याची पट्टी सरकवलेली आहे. ती निघाली तर टाकी हलेल, तेव्हा नीट पाचर बसवून घे.

दुसरी गोष्ट इंजिनातली नाही. डिसेंबरात मालकीणबाई तुला पहिल्या दिवसापासून कायम करणार होत्या. वशिल्याची भाची असं कुणी म्हणू नये म्हणून तिला तीन महिने तात्पुरती ठेवा, असं मीच सुचवलं. तुझी नव्हे, माझीच अब्रू सांभाळत होतो. तुला हे आजवर सांगितलं नाही.

हे मात्र पत्राने निस्तरणार नाही. सोमवारी पहिल्या फेरीने मी स्वतः येतोय आणि मालकीणबाईंसमोर उभा राहून सांगणार आहे. त्या काय म्हणतात ते मला ऐकू येईल असं तू शेजारी उभं राहून मोठ्याने सांग.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा,
मामा