खिडकीतल्या दोघी

४ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. माझी गोष्ट प्रकाशकांनी घेतली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना हत्ती, राजे आणि भिजलेली मांजरं काढून दिली, आता पहिल्यांदा शब्दही माझे आणि चित्रंही माझी. दादाला सांग, म्हणजे तो उगाच घसा खाकरेल आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करेल.

आता दुसरी बातमी, ती जरा अवघड आहे. तुला न विचारता मी तुला पुस्तकात घातलंय. आई गेलेली एक छोटी मुलगी रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहून आईची वाट बघते. मग घरात नवी वहिनी येते. ती समजूत घालत नाही, काही बोलतही नाही. नुसती शेजारी येऊन उभी राहते. एवढीच गोष्ट.

घोडं अडलंय ते शेवटच्या चित्रापाशी. मी त्यात वहिनी मुलीकडे मायेने बघतेय असं काढलंय. संपादक बाई म्हणाल्या की हे चित्र पाकात घोळल्यासारखं झालंय. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर सगळी चित्रं दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घेऊ म्हणाल्या. माझ्याच गोष्टीला दुसऱ्याची चित्रं! हसू नकोस, मला रडू येतंय.

खरं सांगू का, मला तुझा तेव्हाचा चेहराच आठवत नाही. तुझं कोपर आठवतं, हाताला येणारा साबणाचा वास आठवतो. माझी उंची तेवढीच होती ना. तेव्हा कशी बघत होतीस माझ्याकडे, ते आठवेल तसं लिही. तू तिथे उभी राहिलीस म्हणून मी निभावले, हे मी तुला कधी बोलले नाही. आज लिहून टाकते.

माया आहेच, ती अशीच राहू दे. रागावायचं असेल तर भेटल्यावर रागव.

तुझी,
ठकी


१० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. घसा खाकरला, पेपरही उघडला. मग म्हणाले की वहिनीला काढतेच आहेस तर जरा बारीक काढ म्हणावं. मी म्हटलं, तेव्हा मी बारीकच होते. मग पुन्हा पेपरात तोंड लपवलं.

आता जे लिहिते त्याने तुझ्या गोष्टीचा विचका होईल, पण तू विचारलंस म्हणून लिहिते. ठके, मी तुझ्याकडे बघतच नव्हते. मी रस्त्याकडे बघत होते. माझे वडील भेटायला येतो म्हणाले होते आणि येत नव्हते. मी जेमतेम विशीतली. तुझे दादा दिवसभर कामावर, तुझे वडील आईच्या मागे कुणाशी धड बोलत नसत. दुसरीकडे कुठे उभी राहून रडले असते तर दहा जणांनी कारण विचारलं असतं. खिडकीत कोणी विचारायचं नाही, कारण शेजारी तू असायचीस. सगळ्यांना वाटायचं, नवी सून पोरीला किती जीव लावते. ते फुकटचं कौतुक मी मुकाट्याने पदरात पाडून घेतलं.

जीव लागला तो नंतर. एकदा तू वर न बघताच माझं बोट धरलंस, तिथून. त्या घरात आपणहून माझा हात पहिल्यांदा धरला तो तू. त्याचे उपकार मी विसरले नाही.

तुझ्या गोष्टीतली वहिनी चांगली आहे. तिला तशीच राहू दे, आणि हे पत्र फाडून टाक. जेवण वेळेवर करत जा, रंगांनी पोट भरत नाही.

तुझं सगळं चांगलं होवो असं रोज मनात म्हणणारी,
वहिनी


२५ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तो सगळा दिवस मी फुगून बसले. लहानपणापासून जपलेली एकच गोष्ट, तीही तू काढून घेतलीस असं वाटलं. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसले आणि चित्र सरळ हातातून आलं. दोघीही रस्त्याकडे बघतायत. वहिनीचं नाक लाल आहे. बोट धरलेलं आहे, पण त्याच्याकडे दोघींचंही लक्ष नाही.

संपादक बाईंनी चित्र जवळ ओढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की ही बाई कुणाची वाट बघतेय. मी म्हटलं, तिच्या वडिलांची. त्या म्हणाल्या, मग तसं लिहा की. मी एक ओळ वाढवली. चित्रं माझीच राहणार आहेत.

पण हे छापलं की दादाला, घरातल्या सगळ्यांना कळेल की तू तिथे रडायचीस. ते दुःख तुझं आहे, माझं नाही. सोबत चित्राची प्रत पाठवते. तू नको म्हणालीस तर पान मागे घेईन, मग पुस्तकाचं काही का होईना. अगदी मनापासून लिहितेय.

होकार दे किंवा नकार दे, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठकी


२ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. ओट्याजवळ उभं करून ठेवलंय, सकाळपासून कामं तशीच पडली आहेत. नवीन घरात आल्यावर मला कसं वाटलं, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पोरी, माझं तेवढं तू बघितलंस, फार बरं वाटलं. छाप.

ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. तू एवढी रडायचीस का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग हळूच म्हणाले की कामावरून येताना ह्यांना कोपऱ्यापासूनच आपण दोघी खिडकीत दिसायचो, आणि ह्यांना वाटायचं की आपण ह्यांचीच वाट बघतोय. म्हणून तेवढा रस्ता ते रोज पळत यायचे.

आता रुसून आत जाऊन बसलेत. तेव्हा छापायच्या आधी एक कर. रस्त्यावर लांब, अगदी छोटा, पळत येणारा एक माणूस काढ.

तुझीच,
वहिनी