आधीची चूळ

१२ ऑगस्ट, गुरुवार
दुपारी, प्रयोगशाळेतून

प्रिय ठकू,

"आई, माझा दात आंबट पाण्यात टाकू नकोस हं," असं तू सहा वर्षांची असताना म्हणाली होतीस. पहिला पडलेला दात मुठीत घट्ट धरून दारात उभी होतीस. दंतमहाविद्यालयातली माझी नोकरी तुला तेवढीच कळली होती. आई लोकांचे काढलेले दात आंबट पाण्यात बुडवते आणि किती झिजले ते बघते.

तुझी तब्येत कशी आहे? इकडे आम्ही ठीक. बाबांनी तुझ्या खोलीतली फळी दुरुस्त केली. पूर्वी डावीकडे कलायची, आता उजवीकडे कलते. मावशी सांगते, तिच्याकडे तू भाजी चिरून देतेस, पण जेवायला बसत नाहीस.

आमचं वनस्पतींच्या चुळीचं काम संपत आलं. हिरव्या चहाची पानं, द्राक्षाच्या बिया, यांचे अर्क. दातावर लाळेचा पातळ थर असतो, अर्कातल्या तुरटपणाने तो घट्ट होतो आणि आम्लाला जरा थोपवतो. म्हणून चूळ आम्लाच्या आधी भरायची. झिजून गेलेलं नंतर परत येत नाही.

हे मी तुला का लिहितेय, ते तू ओळखलं असशील.

डिसेंबरात तू जांभई दिलीस आणि तुझ्या वरच्या दातांची आतली बाजू मला दिसली. गुळगुळीत, पिवळसर, कडा काचेसारख्या. दात आतून असे कशाने झिजतात, हे मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते. वारंवार उलट्या काढल्याने. दुसऱ्या दिवशी मी तपकिरी बाटली भरून आणली. "जेवणाआधी मिनिटभर चूळ भरत जा."

"आधी? नंतर नको?" तू विचारलंस.

"आधी," मी म्हणाले आणि ओटा पुसायला लागले. पुसलेलाच होता.

त्यानंतर सात महिने मी बाटली भरत राहिले. जेवणं झाली की न्हाणीघरातला नळ जोरात सुटायचा आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. बाबा म्हणायचे, "अगं, आपल्याकडे कुणी बहिरं आहे का?"

जुलैत तू जिन्यात कोसळलीस. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलंय की हृदय बंद पडू शकतं, असं रुग्णालयात डॉक्टर म्हणाले. ते बाहेर गेल्यावर तू माझ्याकडे न बघता बोललीस, "तुला माहीत होतं. म्हणून तर आधी भरायला सांगितलंस. मला वाटलं, आईची हरकत नाही." आणि तिथूनच मावशीकडे गेलीस.

हरकत होती गं. पण विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दातांचं तेवढं ठाऊक होतं. मी तेवढंच केलं.

काल मावशीचा फोन आला. तुला परत चक्कर आली, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तू खोलीत जाऊन कडी लावतेस. "तुमच्या घरात सगळ्यांची तोंडं स्वच्छ," ती म्हणाली, "पण उघडत कुणीच नाही." आज दोन नमुने माझ्या हातून फुटले.

रविवारी मी येतेय. मावशीच्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर जेव. चार घास खाल्लेस तरी पुरे. मग तासभर माझ्यासमोर बस. वाटल्यास बोलू नकोस, पाठ फिरवून बस, नाहीतर मला हवं ते सुनाव. फक्त उठून न्हाणीघरात जाऊ नकोस. सोमवारी डॉक्टरांकडे दोघी जाऊ, आणि मी काय केलं ते आधी मी सांगेन.

तू नाहीच म्हणणार आहेस. आईला दारातूनच परत पाठव, असं मावशीला सांगूनही ठेवलं असशील. तरी मागते. तो एक तास मला दे.

माहीत असून गप्प राहिलेली,
तुझी आई