आबांची मगर

६ जानेवारी, सोमवार
प्रदीपला आज टपालाचा शिक्का फेकून मारणार होते! काउंटरवर, अख्ख्या रांगेसमोर म्हणाला, "राजे, तुझ्या आबांची मगर सिमेंटची होती."
चौथीपासून हेच. तेव्हा माझ्या डब्यालाही नाक मुरडायचा — "रोज मासे? शी!"
भुशीच्या रस्त्याला शेठची प्राणिबाग होती. एक्याण्णव साली बंद पडली. तोवर नऊ वर्षं आबा तिथे मगरीचे राखणदार. मोर होता. अस्वल होतं — लोकांनी चिक्की चारून त्याचे दात पाडलेले. अजगर होता, पण कायम झोपलेला. खरी गर्दी मगरीपुढे. पाटी अजून तोंडपाठ आहे: "मगर. मादी. रोज दीड किलो मासे खाते. दगड मारू नये."
हलायची नाही, हे खरं. पण मगरी हलत नाहीतच!

८ जानेवारी, बुधवार
बागेच्या जागी रिसॉर्ट होतंय. मालक ओंकार, पोरगेलासा पण गोड आहे. उद्घाटनाला आबांचा सत्कार, आणि पुढे बागेचा इतिहास भिंतीवर. लिहायचा मी.
आबा म्हणाले, "मला सत्कार नगं."
का?
"गुडघं."
सत्काराला गुडघे कशाला लागतात?

११ जानेवारी, शनिवार
इतिहास लिहायला बसले. अस्वलावर आबा तासभर बोलले. मगरीबद्दल विचारलं तर, "लिही, लय खादाड व्हती." बस्स. अंडी घालायची का? टीव्हीचा आवाज वाढवला.
चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रुसतो कसला!

१४ जानेवारी, मंगळवार
ओंकारचा फोन. "ताई, बाकी सगळं झालं, आता मगरीच्या डबक्याच्या जागी पोहण्याचा तलाव तेवढा खणतोय. मगर सापडली."
अर्धी रजा टाकून गेले. सिमेंटची. शेपटीतून सळ्या बाहेर आलेल्या. डोळ्याच्या जागी काचेची गोटी! आणि प्रदीप आधीच हजर, फोटो काढत.
परत येताना रिक्षात रडले. नऊ वर्षं माझा बाप सिमेंटला मासे भरवत होता? कुणीतरी त्याला फसवलं, आणि त्याला कळलंही नाही. संक्रांतीचा तिळगूळ तसाच डब्यात राहिला.

१५ जानेवारी, बुधवार
आबांना सांगायचं कसं, म्हणून मी दोन चहा प्यायले. प्रदीपच्या फोटोंवरून त्यांना आधीच कळलेलं. "ती दुसरी. खरी खाली आसंल. आनखी खना."
ओंकारने म्हाताऱ्याचा शब्द मानून आणखी दीड फूट खणलं. मगर नाही मिळाली. पाण्याचा पाइप फुटला.

१८ जानेवारी, शनिवार
सत्कार झाला. गुडघे आले.
शाल खांद्यावर पडली आणि आबांनी माइक धरला. मला वाटलं, आता परत "जिती व्हती" म्हणणार आणि प्रदीप सगळ्यांपुढे हसणार. पदराचं टोक चावत बसले.
"मगर जिती व्हती," आबा म्हणाले. "पन दुसऱ्याच सालाला मेली. मॅनेजरनं सिमेंटची बशिवली. शेठ मुंबईला. त्याला कोन सांगनार? मासं येतच ऱ्हायलं."
म्हणजे आबांना सगळं ठाऊक होतं! मी उगाच रिक्षात रडले!
मागून प्रदीप ओरडला, "मग मासे कोण खायचं, आबा?"
आबांनी माइक खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी विचारलं. आबा भिंतीकडे बघून म्हणाले, "चोर म्हन मला. पगारात भातच व्हायचा. तू वाळकी व्हतीस."
मी त्यांना चोर म्हटलं नाही. शेजारी जाऊन बसले नुसती.
तशी आबा म्हणाले, "लय खादाड व्हतीस."
दुपारी भिंतीसाठी लिहिलेला इतिहास फाडला. नवी पाटी लिहिली. ओंकारला देईन की नाही, माहीत नाही:
"मगर. मादी. वय चव्वेचाळीस. रोज मासे खायची. सध्या पोस्टात. दगड मारू नये."