भुसनळे गुरुजींची वही

कोपरगाव, बुधवार, १३ जानेवारी १९७१

आज पुन्हा रेडिओवर तो भुसनळे गुरुजी! "गुरगुटीला चिमटवळा झाला, म्हणून टिपकांडे भुसभुसले!" याला म्हणे विनोद! चौतीस वर्षे मुलींचे मराठी घासूनपुसून नीट केले, ते हे ऐकायला? कॉन्व्हेंटात मी असे बरळले असते, तर सिस्टर आग्नेसने तोंडात साबणाची वडी कोंबली असती.

तक्रार करणार. पुराव्यासकट! पुढच्या बुधवारी त्याचा शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायचा.

१५ जानेवारी

केशरला पक्षाघात होऊन आज तीन महिने. काठी धरून बसते, पण वाचा नाही. डॉक्टर म्हणाले, "बोलणं यायचं ते सहा महिन्यांत. पुढे आशा धरू नका."

रोज सकाळी पाटी घेऊन शिकवते. 'पाणी' म्हण. 'ताई' म्हण. ती ओठ हलवते, भलतेच काही निघते. मी म्हणते, "चूक. पुन्हा." की झाले – भिंतीकडे तोंड! धाकटी बहीण असली तरी हट्ट माझ्यासारखाच.

२० जानेवारी

वहीत आठ पाने उतरवली. मेला बोलतो भरभर, पण अडखळत कुठेच नाही. घरी बसून घोकत असणार. कष्टाळू गाढव!

नक्कल करून तक्रार पाठवली. निवृत्त शिक्षिकांच्या अकरा सह्या. पहिली माझी.

३ फेब्रुवारी

भांडीवाली दगडाबाई खरकट्या हातांनी धावत आली. "बाई, आवो बगा तरी! केशरबाई त्येच्यासंगं बोलत्यात!"

केशर रेडिओकडे वाकून, "भुस... भुस..." आणि हसत होती. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मी रेडिओ बंद करायला गेले, तर दगडाबाईने माझा हात धरला. माझा!

"ऱ्हाऊ द्या. तितं चुकलं म्हननारं कुनी न्हाई त्यास्नी."

जेवण गेले नाही.

१७ फेब्रुवारी

आज 'चिमटवळा' पुरता! केशर आता बोटांवर दिवस मोजते. पाटी माळ्यावर टाकली.

२२ फेब्रुवारी

रेडिओवाल्यांचे पत्र. "आपल्या तक्रारीची दखल घेऊन सदर कार्यक्रम १ मार्चपासून बंद करीत आहोत. आभारी आहोत."

आभारी!

लगेच उलटे पत्र लिहिले – चालू ठेवा म्हणून. पण सरकारी उत्तर कधी येणार? आणि केशरला तेवढा वेळ कुठे आहे?

३ मार्च

बुधवार. सात वाजले, भुसनळेची वेळ. रेडिओवर बाजारभाव. केशरने रेडिओकडे पाहिले, मग माझ्याकडे. 

पुराव्याची वही काढली. दार लावून घेतले – शेजाऱ्यांनी ऐकले तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. वर्गात राहायची तशी ताठ उभी राहिले आणि वाचले.

दगडाबाई तोंडात पदर कोंबून, "बाई, प्रार्थना हाय का ही? जरा वाकडं त्वांड करा की!"

केले. केशर खुदकन हसली. "टिपकांडे," म्हणाली.

२३ मार्च

आता बुधवारची वाट पाहत नाही. सकाळ-संध्याकाळ वाचन. माझा घसा बसला. दार लावायचे राहून जाते.

२ एप्रिल

आज वहीची दोन पाने एकदम उलटली गेली. मला कळलेसुद्धा नाही. वाचतच राहिले.

केशरने काठी आपटली.

"चूक. ताई – पुन्हा."