पहिलं पान

४ मार्च

प्रूफ आलं! एकच पान, पण छापलेलं. छापखानेवाला म्हणाला, "अक्षराचा आकार बघून घ्या, मग बाकीचं लावायला घेतो." आकार कसला बघतोय मी! माझीच वाक्यं माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघत होती —

"आमच्या घराला एकच खिडकी होती आणि ती उंच होती. बाहेर काय चाललंय ते ताई मला सांगायची, कारण माझी उंची तिथवर पोचत नव्हती."

दोन प्रकाशकांनी वही परत पाठवली. एकाने लिहिलं होतं, "यात काही घडत नाही." खरंच आहे ते. आई गेली, ताईने वाढवलं, मी चष्म्याचं दुकान टाकलं, एवढंच घडलं. म्हणून आता स्वतःच छापतोय. तीनशे प्रती.

दुपारी ताई डबा घेऊन दुकानात आली. तिला पान वाचून दाखवलं. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "सगळं छापून येऊ दे. मग मी निवांत बसून वाचते. तुझ्या वहीतलं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग — त्यातही भांडण झालेल्या मुंग्यांची!"

७ मार्च

जवळचं दिसतं का हे बघायला गिऱ्हाइकाच्या हातात जे वाचायचं कार्ड देतो, त्याचे तुकडे व्हायला आले होते. वीस वर्षांचं कार्ड. आज प्रुफाचं पान पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि तेच वापरायला घेतलं. शेजारचा न्हावी बघायला आला. म्हणाला, "खुर्चीत बसवून, नाकावर चष्मा ठेवून, जबरदस्तीने वाचायला लावणारा लेखक मी पहिलाच बघतोय!"

हसलो. पण कल्पना काही वाईट नाही. पुस्तक आल्याचं गावाला कळायला दुसरा रस्ता कुठे आहे माझ्याकडे?

२२ मार्च

आज नऊ जणांनी पान वाचलं. चार ओळी झाल्या की म्हणतात, "स्पष्ट!" आणि कार्ड परत देतात. पुढे काय होतं, असं एकानेही विचारलं नाही. पोस्टमन मात्र अगदी शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मी मनातून हुरळलो. तो म्हणाला, "खालच्या बाजूला जरा अंधुक वाटतंय हो."

ताई डबा आणते आणि चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहते. घरात करमत नाही म्हणते. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून आमची खिडकी ऐकते. एक म्हातारे अडखळले तर हिने पुढचा शब्द सांगितला. "ताई, परीक्षा माझी आहे," ते म्हणाले.

२ मे

ताई म्हणाली, "माझा नंबर बघ रे जरा. चहा गाळताना कपाबाहेर जातो." खुर्चीत बसवलं, कार्ड दिलं. घडाघडा वाचलं तिने. म्हटलं, "डोळे ठणठणीत आहेत. स्वयंपाकघरातला दिवा मंद आहे." येताना नवा दिवा आणला आणि लावला. सगळ्या घराला उजेड वाटला.

१४ जून

पाचवं प्रकरण काढून टाकू का? छापखानेवाला म्हणतो, आजचा दिवस आहे, उद्या छपाई सुरू.

पाचव्यात ती सकाळ आहे. आई जाऊन तीन महिने झाले होते. ताई तेरा वर्षांची, मी पाच. मास्तर दुसऱ्यांदा घरी आले होते. "मुलगी हुशार आहे, शाळेत परत पाठवा." वडील तयार झाले. ताईने दप्तर भरलं, वेणी घातली. दारात मी तिचा फ्रॉक धरला आणि जमिनीवर लोळण घेतली. इतका ओरडलो की शेजारच्या बायका धावत आल्या. ताईने दप्तर खाली ठेवलं. नंतर ते कधी उचललं नाही.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं आम्ही एका घरात आहोत. मधली तीन वर्षं सोडून — ती सासरी होती, नवरा गेल्यावर परत आली. या चव्वेचाळीस वर्षांत त्या सकाळबद्दल आमच्यात एक शब्द झालेला नाही. तिला ती आठवते का, हेही मला ठाऊक नाही. शाळेत मग मी गेलो. दहावी झालो. तिच्या वाट्याची पुस्तकं मी वाचली.

बायकोला विचारलं, ठेवू का काढू? ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, "तीनशे लोकांना सांगताय. तिला एकटीला तोंडाने सांगायला काय होतं तुम्हाला?"

काय होतं? घशाशी येतं आणि परत जातं, ते होतं.

प्रकरण ठेवलं.

१९ जुलै

ताईने परत नंबर तपासायला सांगितला. परत एकही चूक नाही. "आता तुझ्या डोळ्यांना काही होत नाही, मनाला होतंय," म्हटलं. ती म्हणाली, "असेल बाबा. तू त्यातला जाणकार."

८ ऑगस्ट

पुस्तकं आली! वीस-वीसचे पंधरा गठ्ठे. वरचाच गठ्ठा सोडला आणि पहिली प्रत देवासमोर ठेवली. काही मागायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, त्याच्यापुढे कसला मोठेपणा? मागितलं — ताईने पाचवं प्रकरण वाचावं आणि माझ्यावर रागवायचं असेल तर रागवावं, पण काहीतरी बोलावं.

ती प्रत ताईला दिली. तिने हात पुसून घेतली. वास घेतला. मुखपृष्ठावरून बोटं फिरवली, बराच वेळ. "जड आहे रे!" म्हणाली. संध्याकाळी बघतो तर तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. कोपरे अगदी नीट दुमडलेले.

"कधी वाचतेस?"

"वाचते. घाई आहे का?"

१३ ऑगस्ट

पिशवीत पुस्तकं घालून फिरतोय. चष्मा विकताना लाज वाटत नाही, पुस्तक विकताना वाटते. चष्मा त्याच्या गरजेचा असतो. पुस्तक माझ्या.

शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलांना काही बोध आहे का यात?" म्हटलं, नाही. "मग दोन प्रती ठेवा. बोधाची कपाटं भरलीत." देव भलं करो त्यांचं.

किराणावाल्याने साबणाशेजारी पाच प्रती ठेवून घेतल्या. न्हाव्याने चार घेतल्या, आरशाखाली मांडल्या. "गिऱ्हाईक वाट बघताना वाचेल," म्हणाला. "पण लवकर संपणारं आहे ना? नाहीतर दाढी झाली तरी उठायचा नाही." वाचनालयाच्या बाईंनी तर कमालच केली. म्हणाल्या, "छोटा कार्यक्रम करू. पहिलं पान कोण वाचेल?"

मी विचार न करता म्हणालो, ताई.

२१ ऑगस्ट

तेरा दिवस झाले. ताई काही बोलत नाही.

२७ ऑगस्ट

आज पक्कं जाणवलं. ताई माझ्याकडे सरळ बघत नाही. बोलते नीट, पण नजर माझ्या कानाशेजारून कुठेतरी. जेवतानाही तसंच. पूर्वी बोलायची तर डोळ्यांत डोळे घालून, खोटं बोलायची सोय नसायची.

वाचलंय तिने. पाचवं वाचलंय. मला आता शंका नाही.

बायको म्हणते, "तुमच्या मनाचे खेळ. विचारा सरळ." तीन वेळा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी ती खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होती. ओवला जात नव्हता. वाटलं, माझ्यावरच्या रागात तिचं सुईकडे लक्षच नाही. परत फिरलो.

३१ ऑगस्ट

ती आपणहून दुकानात खुर्चीत येऊन बसली. "बघ एकदा." कार्ड हातात दिलं. खिडकी, उंची, सगळं वाचलं. शेवटी थांबली आणि म्हणाली, "दुसरं काही नाही का तुझ्याकडे वाचायला?"

टोमणा लागला मला. लागायलाच हवा. "नजर अजून तेरा वर्षांच्या मुलीची आहे तुझी!" मी म्हणालो, आणि तेरा म्हटल्यावर जीभ चावली. ती नुसती उठली. उठताना बाकाला गुडघा लागला तिचा.

६ सप्टेंबर

कार्यक्रम झाला. सतरा माणसं. त्यातली तीन पावसापासून आडोशाला आलेली, पण शेवटपर्यंत बसली!

आमची पोरगी ताईला हात धरून पुढे घेऊन गेली. ताईने तपकिरी कव्हरातलं आपलं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि सुरुवात केली. "आमच्या घराला एकच खिडकी होती आणि ती उंच होती..." इतकं सावकाश मी कधीच वाचलं नसतं. प्रत्येक शब्दाला जागा देत होती. मधूनच मान वर करून लोकांकडे बघत होती, आणि तरीही ओळ चुकत नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. जिने शाळा सोडली ती भरल्या सभेत वाचतेय, आणि मी लिहिलेलं वाचतेय.

पान संपलं, तिने पुस्तक मिटलं. पोस्टमन ओरडला, "ताई, पुढचं पण होऊ द्या!"

"पुढचं विकत घेऊन वाचा," ती म्हणाली. "माझ्या भावाने काय धर्मशाळा काढलीय?"

हशा पिकला. अकरा प्रती गेल्या तिथल्या तिथे.

घरी येताना धीर करून विचारलं, "बाकीचं कसं वाटलं?" ती म्हणाली, "तू लिहिलंस ना, मग चांगलंच असणार."

रागावलेला माणूस याहून कमी शब्दांत बोलू शकत नाही.

१५ सप्टेंबर

मुख्याध्यापिकांचा निरोप: एका प्रतीला सुरुवातच नाही! धावत गेलो. खरंच. मुखपृष्ठ उलटलं की एकदम सतरावं पान. छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला. सोळा पानांचा एक फर्मा असतो. बाइंडिंगवाल्याने एका गठ्ठ्याला पहिला फर्मा लावलाच नाही. एक गठ्ठा, म्हणजे वीस प्रती.

"कुठला गठ्ठा?"

"जो सगळ्यात वर असेल तो. शेवटी बांधलेला."

बदलून देतो म्हणाला. भला माणूस आहे, पण पुस्तक म्हणजे माझं नाक. गावभर नाक कापलं.

१८ सप्टेंबर

दारोदार फिरून प्रती बदलतोय. आणि काय सांगावं! मुख्याध्यापिका सोडल्या तर एकाच्याही लक्षात आलेलं नाही. न्हावी म्हणाला, "सुरुवात मात्र झकास जमलीय! ती खिडकी, ती ताई!" म्हटलं, तुमची प्रत दाखवा. आणली. सतराव्या पानापासून. आमच्या बिनसुरुवातीच्या पुस्तकाची सुरुवात तो तोंडभर वाखाणत होता!

"अहो, तुमच्या दुकानात रोज ऐकतो ना," तो ओशाळून म्हणाला. "पाठच झालंय. मी वाचलंय असंच वाटत होतं मला."

पूर्वी वाईट वाटलं असतं. आज दोघंही पोट धरून हसलो. एकोणीस प्रती परत मिळाल्या. विसावी कुणाकडे आहे आठवत नाही. उद्या घरात शोधतो.

१९ सप्टेंबर

विसावी ताईकडे आहे. वरच्या गठ्ठ्यातली पहिलीच.

ती बाहेर पायरीवर बसली होती. तिच्या उशाची प्रत घेतली, तपकिरी कव्हर उघडलं. सतरावं पान. पहिलं पान त्यात नव्हतंच. सतरा माणसांसमोर तिने ते वाचलं, एक शब्द न चुकता.

मग दुकानात जाऊन रजिस्टर काढलं. २ मे. १९ जुलै. ३१ ऑगस्ट. तिन्हीपुढे माझ्या हाताने लिहिलंय — जवळचं नीट वाचते. तीन वेळा ती मला सांगायला आली होती.

घरी येऊन आजचं वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं. म्हटलं, मोठं अक्षर तेवढं वाच. तिने कागद डोळ्यांच्या एका बाजूला धरला, मग दुसऱ्या. मग घडी करून मांडीवर ठेवला.

"मधे सगळं काळं दिसतं रे. कडेकडेचं तेवढं दिसतं. तू म्हणालास डोळे ठणठणीत आहेत, मला वाटलं मग वयाचंच असेल. ते पान तर ऐकून ऐकून पाठ, कार्ड हातात आलं की तोंडात आपोआप यायचं." मग घडीवरून बोट फिरवत म्हणाली, "पुस्तक नाही वाचता आलं मला. तुला कसं सांगणार? तू किती खुशीत होतास."

उद्या दुकान बंद. पहिल्या गाडीने डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात. देवा, उशीर झाला असेल तर तो माझ्या नावावर लिही.

ती अजून पायरीवरच आहे. पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसायला चाललोय. पाचवं प्रकरण मलाच वाचावं लागेल. मोठ्याने.