मोरीमागची जाई आणि जुई

दादा,

भात टोपात आहे, कालवण गरम करून घे. रात्रपाळीवरून आलास की तू झोपतोस, म्हणून लिहून ठेवते.

मोरीमागची वेल मी तोडलेली नाही. "तिची ती हायब्रीड तोड, आईची तेवढी ठेव," असं तू म्हणालास, म्हणून सकाळी कोयता घेऊन गेले होते. पण वहिनीची वेल हायब्रीड नाहीच. ती जाई आहे आणि आईची जुई. दोन्ही एकाच तारेवर गुंतल्यात, तरी पानांवरून ओळखता येतात. जुईचं पान एकच मोठं, देठाशी कानांसारखी दोन बारकी पानं. जाईच्या देठावर बारक्या पानांच्या जोड्या असतात आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईची कळी पांढरी.

आता आईच्या फोटोपुढची कालची फुलं उलटी करून बघ. पाकळ्या मागून गुलाबी आहेत. आईच्या जुईला यंदा फूलच आलेलं नाही, मी शेंड्यापर्यंत पाहिलं.

मी टोकावड्याला वहिनीच्या माहेरी चाललेय. काल फोनवर तिने एवढंच विचारलं, "वेलीला पाणी घालतेस ना गो?" तुझं नाव तिने काढलं नाही, मीही नाही.

मुरबाडवरून जायचंय, अकराच्या गाडीपर्यंत मी स्टँडवर आहे. काही निरोप असेल तर ये. आईला तू रोज वहिनीच्याच वेलीची फुलं वाहतोस, हे मात्र मी तिला सांगणार नाही. ते तूच सांगायला हवं.

करुणा