मुलुखिया तळाला का बसते

तान्ता,
१२ जून १९९१

नाहिदच्या बाबांना सलाम.

पत्र मिळालं. इथे माहेरी सगळे बरे आहेत. रिफअतदादा तुमची चौकशी करतो, वहिनी करत नाही. परीक्षेसाठी नाहिदला तुमच्यापाशी ठेवून आले. तिचे पेपर कसे गेले ते तुम्ही लिहिलं नाहीत. अख्ख्या पत्रात मुलुखियाच्या पातळ भाजीचंच रडगाणं: पाला तळाला बसला, वर हिरवं पाणी, पोरगी ताट सारून उठली. आणि दोष भाजीवाल्याच्या पाल्याला. नाचता येईना अंगण वाकडं.

आता ऐका. पाला धुऊन फडक्यावर पूर्ण सुकू द्या. मग मखरता घ्या, ती दोन मुठींची वाकडी सुरी, ओट्याखालच्या खणात आहे. दोन्ही हातांनी डोलवत बारीक चिरायचं. मिक्सरला हात लावू नका, लगदा होईल. सशाच्या रश्श्यात मस्तकीच्या डिंकाचा खडा गव्हाच्या दाण्याएवढाच, जास्त झाला तर कडू. पाला घातला की उकळू द्यायचं नाही, झाकायचं नाही. तुम्ही झाकलं असणार. तुम्हाला सगळं झाकायची सवयच आहे.

हे लिहायचं नव्हतं. पण खोडत नाही.

इथे मला बसवत नाही. वहिनीच्या ओट्याशी जाते, ती हातातलं भांडं काढून घेते, म्हणते, "वन्सं, तुम्ही पाहुण्या. बसा." किती बसू? रोज वाटतं, आज तुमचं 'परत ये' येईल. आलं काय, तर खलबत्त्याची चौकशी. तो पितळी, पिठाच्या डब्यामागे आहे. त्यात लसूण आणि धणे एकत्र कुटा, तुपात तांबूस करा आणि रश्श्यात ओता.

ओतताना श्वास. दचकल्यासारखा, "हाऽ" करून मोठ्याने आत ओढायचा. त्याशिवाय पाला तळाला बसतो, हे आपल्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुम्ही तो ओढला नाहीत. वरच्या मजल्यावरच्या उम्म हिलालने मला फोनवर सांगितलं, "अगं, तुझा नवरा खिडकी लावून रांधतो, चोरी केल्यासारखा." कसा ओढाल? तुमच्या भावांच्या पंगतीत तुम्हीच म्हणालात, "हिच्या या बोंबलण्याने शेजाऱ्यांना वाटतं मी हिला मारतो. उद्यापासून तोंड मिटून रांध." सगळे हसले. तो श्वास मला तुमच्या आईने शिकवला होता. फार लागलं मला ते, म्हणून मी निघून आले. दुसरं काही कारण नाही.

माफीचं पत्र नको. ते तुम्ही छान लिहाल, आणि कुणाला कळणारही नाही. शुक्रवारी पुन्हा मुलुखिया करा, खिडकी सताड उघडून. फोडणी ओताल तेव्हा असा श्वास ओढा की उम्म हिलालच्या हातातली पळी पडली पाहिजे. ती मला फोन केल्याशिवाय राहणार नाही. दुपारभर मी फोनपाशी असेन.

येताना आणलेली कपड्यांची पिशवी अजून न उघडता बसलेली,
इनायात